मेंदीचे फूल

मेंदी म्हटली की रंगलेले तळहात डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या झुडपाची ती पाने, त्याला पांढुरक्या, बारीक फुलांचे तुरे येतात आणि त्यांचा सुगंध रात्री दूरवर पसरतो, ही गोष्ट परसाला मेंदीचे कुंपण असणाऱ्यांच्याही अनुभवास क्वचितच येते, कारण छाटून छाटून त्या बिचारीला फुलण्याची सवडच मिळत नाही.

प्राचीनांनी मात्र तिची योग्यता जाणली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिची पाने चघळल्यास मुखव्रण बरे होतात, तिचा काढा भाजलेल्या जागी गुणकारी असतो, फुले सिरक्यात वाटून कपाळावर लेपल्यास मस्तकशूळ शमतो असे नमूद करून, त्याच ओघात केस पिंगट करण्याची कृती आणि फुलांचे सुवासिक तेलही सांगितले आहे. औषध आणि प्रसाधन यांची दफ्तरे त्याने वेगळी ठेवली नाहीत, आणि मला तीच दृष्टी खरी वाटते.

आपल्याकडे या फुलांचा मान राखला तो कनौजच्या अत्तर-कारखानदारांनी. तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून, तोंड मातीने लिंपून, मंद आचेवर निघालेली वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवावी, की 'गुलहिना' सिद्ध होते. थंडीत लावावयाचे, नाना मसाल्यांचे 'हिना' अत्तर हा निराळा जिन्नस. मेंदी स्वतः मात्र शीतल मानलेली.

महाराष्ट्रात आषाढात मेंदी लावण्याचा रिवाज आहे. तो भातलावणीचा हंगाम. दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि त्यांवर वाटलेल्या मेंदीचा लेप हा घरोघरचा उपाय. शृंगाराची ही तिथी पावसाच्या या पीडेनेच नेमून दिली असावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या घरी दिवेलागणीनंतर पाट्यावर ओली पाने, थोडा कात आणि लिंबाचा रस वाटला जाई. तळहातावर मधोमध एक मोठा ठिपका, बोटांच्या टोकांना टोपणे, उरलेला गोळा आईच्या भेगाळल्या टाचांना. सकाळी वाळलेले पापुद्रे पाणी न लावता तेलाने चोळून काढीत. तेव्हा नारिंगी दिसणारा रंग दुसऱ्या दिवशी गडद होई, आणि टाचांवर, जिथे कातडी जाड, तिथे तो सर्वांत अधिक चढलेला असे.