शत्रूच्या फिल्मवर चाललेली कात्री

मंडळी, आज एका संकलकाविषयी बोलायचं आहे. विल्यम हॉर्नबेक हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या लाखो पोरांना 'आपण कशासाठी लढतो आहोत' हे ज्या सात चित्रपटांनी सांगितलं, त्यांच्या संकलनाचा भार या माणसावर होता. त्यांत काय दाखवलं हे महत्त्वाचं आहेच, पण काय कापलं ते मला जास्त बोलकं वाटतं.

हॉर्नबेक 1901 सालचा, लॉस एंजेलिसचा. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत तो पोरवयात शिरला. ही कंपनी विनोदी मूकपटांची. धडपडणारे पोलीस ही तिची ओळख. संकलन शिकवणारी शाळा तेव्हा कुठे नव्हती. फिल्म गुंडाळा, छापा, पडेल ते काम करा, आणि करता करता शिका. विनोदी मूकपटात घसरून पडणाऱ्या माणसाच्या दृश्यातून दोन-तीन चौकटी कमी केल्या की हशा पिकतो, जास्त ठेवल्या की नुसता माणूस पडतो. हे गणित तो कात्रीने शिकला आणि सेनेटकडे संकलन विभागाचा प्रमुख झाला.

पुढे अलेक्झांडर कोर्डाने त्याला लंडनला नेलं. तिथल्या कामातलं 'एलिफंट बॉय' (1937) आपल्या जवळचं. म्हैसूरच्या बाजूचे श्रोते असतील तर त्यांनी कान द्यावा. रॉबर्ट फ्लाहर्टी हा माहितीपटांचा दिग्दर्शक म्हैसूर संस्थानात जाऊन हत्तींचं आणि जंगलाचं तासन्‌तास चित्रीकरण करून आला. चित्रं अप्रतिम, पण गोष्ट नाही. मग कोर्डाच्या भावाने, झोल्टानने, लंडनजवळच्या डेनम स्टुडिओत संवादांचे प्रसंग घेतले. म्हैसूरचं जंगल आणि इंग्लंडमधलं नकली जंगल एकाच चित्रपटात बसवायचं होतं. कात्री चार्ल्स क्रायटनची, देखरेख हॉर्नबेकची. माहुताचा मुलगा साबू या चित्रपटाने जगभर पोचला. जाता जाता सांगतो, हाच साबू पुढे अमेरिकी हवाईदलाच्या बॉम्बफेकी विमानावर तोफची झाला आणि त्याने शौर्यपदक मिळवलं. सिनेमातल्या पोराचं हे खरं युद्ध फारसं कुणी सांगत नाही.

त्याच कंपनीच्या 'द ड्रम' (1938) या सरहद्दीवरच्या चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शनं झाली. त्याच्याही संकलनात हॉर्नबेक होता.

आता युद्धाकडे येऊ. पर्ल हार्बरनंतर लष्करप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांच्यापुढे प्रश्न होता तो शेतातून आणि दुकानातून उचलून आणलेल्या पोरांचा. ज्या देशांची नावं त्यांना नकाशावर सापडत नाहीत, तिथे ती का मरतील? व्याख्यानांनी पोरं पेंगत होती. मार्शलनी 1942 मध्ये फ्रँक काप्रा या लोकप्रिय दिग्दर्शकाला हे काम दिलं. काप्राने लेनी रिफेनश्टालचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' पाहिला आणि तो हादरला. न्युरेंबर्गच्या मेळाव्यातली ती शिस्त, ते झेंडे! याला तोड काय द्यायची? त्याने ठरवलं, शत्रूचीच फिल्म वापरायची. सिग्नल कोअरच्या त्याच्या तुकडीत हॉर्नबेक दाखल झाला.

इथे संकलकाचं काम म्हणजे काय ते लक्षात घ्या. रिफेनश्टालने जी चित्रं भक्तीने घेतली, तीच चित्रं हे लोक भीती वाटावी म्हणून लावत होते. चित्रात बदल नाही. बदलला तो क्रम, शेजार आणि वर बोलणारा आवाज. पहिल्याच 'प्रिल्यूड टू वॉर'मध्ये जर्मन, इटालियन आणि जपानी मुलं कवायत करत जाताना दिसतात. प्रत्येक देशाने ती चित्रं अभिमानाने घेतली होती. एकामागून एक लावली की पोटात गोळा येतो. सोबतीला वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने केलेले हलते नकाशे. मी नोकरीत असंख्य नकाशे पाहिले. आक्रमण कसं पसरतं हे इतक्या सहज सांगणारे थोडेच. 'प्रिल्यूड'ला ऑस्कर मिळालं.

पण हीच कात्री दुसरीकडेही चालली. 'द बॅटल ऑफ रशिया' (1943) मध्ये सोव्हिएत जनतेचा लढा ताकदीने दाखवला आहे. ऑगस्ट 1939 चा हिटलर-स्टालिन करार मात्र त्यात नाही. रशिया तेव्हा दोस्त होता आणि दोस्ताची जुनी लफडी जवानासमोर काढायची नव्हती. सैनिक म्हणून मला ती गरज समजते. हा निर्णय हॉर्नबेकचा नव्हता, तो वरून आला होता. पण जोड इतका सफाईदार लागतो की तिथे काही होतं याचा पाहणाऱ्याला संशयही येत नाही. आणि 'प्रिल्यूड'मध्ये तर 'तनाका मेमोरियल' हा जपानी कटाचा दस्तऐवज खरा म्हणून मांडला आहे, ज्याला बहुतेक इतिहासकार बनावट मानतात. गाळणं एक वेळ समजतं. खोटा कागद साक्षीला उभा करणं मला पटत नाही, मग शत्रू कितीही नालायक असो.

याचा परिणाम काय झाला? लष्कराने स्वतःच मोजून पाहिलं. कार्ल हॉवलंड या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने जवानांवर प्रयोग केले. ते 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपटांमुळे जवानांची माहिती बरीच वाढली होती, लढण्याची इच्छा मात्र जवळजवळ तिथल्या तिथेच. ज्याने जवानांबरोबर खंदकात रात्री काढल्या आहेत त्याला याचं नवल वाटणार नाही. जवान लढतो तो शेजारच्या सोबत्यासाठी आणि पलटणीच्या नावासाठी.

युद्धानंतर हॉर्नबेकने काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946) जोडला. मग तो जॉर्ज स्टीव्हन्सकडे गेला. स्टीव्हन्सने दाखाउची छळछावणी स्वतः चित्रित केली होती आणि त्या अनुभवानंतर तो हलके विनोदी चित्रपट करू शकला नाही. 'अ प्लेस इन द सन' (1951) मध्ये एलिझाबेथ टेलर आणि मॉन्टगोमेरी क्लिफ्ट यांच्या प्रेमप्रसंगासाठी दोघांचे जवळून घेतलेले चेहरे दोन प्रोजेक्टरवर एकाच वेळी शेजारी-शेजारी चालवून पाहिले, आणि कुठून कुठे जायचं ते त्यावरून ठरवलं. कीस्टोनमध्ये चौकटी कमी करायला शिकलेला माणूस इथे एक दृश्य दुसऱ्यात सावकाश विरघळू देत होता. याच चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालं. नंतर 'शेन' आणि 'जायंट'.

शेवटची वर्षं त्याने युनिव्हर्सलमध्ये संकलन विभाग सांभाळला. 1977 मध्ये संकलकांचाच कौल घेण्यात आला, तेव्हा त्यांनी त्याला या धंद्यातला सर्वोत्तम ठरवलं. 1983 मध्ये तो वारला.

ते सात चित्रपट सरकारी असल्यामुळे हक्कमुक्त आहेत, कुणालाही फुकट बघता येतात. 'द बॅटल ऑफ रशिया' लावाल तेव्हा 1939 साल आलं की जरा थांबवा, मागे घ्या, आणि तो जोड कुठे बसवला आहे ते शोधा.