दार उघडणारं गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मुशायऱ्यात शायर गझलेचा पहिला शेर, म्हणजे मतला, ऐकवतो. त्याला दाद मिळाली की मागच्या रांगेतले लोकही गप्पा थांबवून कान देतात. तो पडला, तर पुढचे चांगले शेरही वाया जातात. पण त्या शायराचा संग्रह लोक वर्षानुवर्षं उशाशी ठेवतील की नाही, हे काही एका मतल्यावर ठरत नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. अल्बम बाजारात येण्याआधी त्यातलं एक गाणं पुढे पाठवतात. त्याला म्हणतात ‘लीड सिंगल’. या एका गाण्यावर साऱ्या अल्बमचं नशीब किती अवलंबून असतं?

या प्रथेचं मूळ तबकड्यांत आहे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एलपी आणली. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचं संगीत मावायचं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी काढली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. ही तबकडी स्वस्त होती, शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या खिशाला परवडायची आणि रेडिओला सोयीची होती. छोट्या तबकडीनं ओळख करून द्यायची आणि मोठीनं कमाई करायची, अशी वाटणी पुढे रूढ झाली. रेडिओवर वाजायचं तर गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपावं, हा अलिखित नियम.

हा नियम मोडणारी गोष्ट घडली १९७५ साली लंडनमध्ये. ‘क्वीन’ नावाच्या चौघांच्या बँडचा गायक होता फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. लंडनमध्ये त्याच्या बँडचं ‘किलर क्वीन’ हे गाणं १९७४ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. पण नाव झालं तरी पैसा हाती लागत नव्हता. जुन्या व्यवस्थापनाशी बिनसलं होतं. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा चौथा अल्बम कोसळला असता, तर बँड टिकणंच अवघड होतं.

अशा वेळी त्यांनी पुढे पाठवायला गाणं निवडलं ते ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. मधोमध ऑपेराच्या थाटाचा भाग, आणि घोळवून म्हणावं असं ध्रुपदही नाही. एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं जाणकारांचं मत पडलं. पण निवेदक केनी एव्हरेट यांच्या हाती गाण्याची प्रत आली. त्यांनी लंडनच्या कॅपिटल रेडिओवरून ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा ऐकवलं, असं सांगतात. ३१ ऑक्टोबरला सिंगल बाजारात आलं आणि नोव्हेंबर संपता संपता पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं ते सलग नऊ आठवडे राहिलं. २१ नोव्हेंबरला आलेला अल्बमही डिसेंबरअखेर पहिला झाला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला क्वीनचा हा पहिलाच अल्बम.

म्हणजे सिंगल हेच सर्वस्व? थोडं मागे, १९६७ सालात जाऊ. बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ची तयारी सुरू असताना ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही गाणी आधीच सिंगल म्हणून काढली आणि अल्बममधून वगळली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना या निर्णयाची पुढे हळहळ वाटली. गंमत म्हणजे या सिंगलला ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडवलं, ते आपल्या मद्रासमध्ये जन्मलेल्या एंगलबर्ट हम्परडिंक यांच्या गाण्यानं. ‘सार्जंट पेपर’मधून तर त्या वेळी एकही सिंगल निघालं नाही. तरी तो त्या काळात ब्रिटनमध्ये एकूण २७ आठवडे पहिला होता. अर्थात बीटल्सना ओळख करून देणाऱ्याची गरजच कुठे होती?

त्याच वर्षी ‘प्रोकॉल हॅरम’ या अगदी नव्या बँडचं ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे सिंगल ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिलं राहिलं. पण त्यांची एलपी तिथं डिसेंबर उजाडल्यावर आली, आणि तीही या गाण्याशिवाय. तिला सिंगलच्या तोडीचं यश मिळालं नाही. दार सताड उघडलं होतं, पण पाहुणे आत येण्याच्या वेळी घरात दिवाच नव्हता.

१९७३ सालचा पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणखी वेगळं सांगतो. अमेरिकेत तो एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘मनी’ हे गाणं तिथं सिंगल म्हणून निघालं ते मे महिन्यात. म्हणजे शिखर आधी आलं आणि वाट नंतर. ‘मनी’मुळे नवे श्रोते मिळाले, हे खरं. पण हा अल्बम १९८८ सालापर्यंत मिळून ७४१ आठवडे अमेरिकी यादीत राहिला. एवढा मुक्काम एका गाण्याच्या बळावर होत नाही.

मला वाटतं, बँड नवा किंवा अडचणीत असेल तेव्हा लीड सिंगलचं मोल सर्वांत जास्त. मात्र त्याला दोन अटी आहेत. गाण्यामागोमाग अल्बम हाताशी हवा, आणि आत त्या तोलाचं काही हवं. क्वीनच्या त्याच अल्बममध्ये ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ नावाचं एक हळवं गाणं होतं. ते कुणी पुढे पाठवलं नव्हतं. दहा वर्षांनी, १९८५ साली, रिओच्या मैदानात फ्रेडीनं ते सुरू केलं आणि समोरचा अफाट जनसमुदायच ते गाऊ लागला. दार एका गाण्यानं उघडलं होतं. लोक घरात रमले ते दुसऱ्याच गाण्यापाशी.