ब्युरोच्या मावशीची कुळकथा

रात्री आठच्या सुमारास पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत आजाऱ्याजवळची पाळी बदलते. दिवसाची मावशी डबा पिशवीत टाकून निघते, रात्रीची येते, आणि मधल्या पाच मिनिटांत एक वही या हातातून त्या हातात जाते. लघवी ३००, पेज दिली, बीपीची गोळी झाली, कंबरेखाली लाल वाटतंय. यातली शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही फिकी झाली नाही, तर ती बेडसोअरची सुरुवात असते. त्या रात्री दर दोन तासांनी कूस बदलली तर निभावतं. मावशीचा डोळा लागला (आणि दिवसा ती दुसऱ्या घरी राबली असेल तर लागणारच), तर थोड्याच दिवसांत कातडी फाटते, आणि म्हातारपणी ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लाली ओळखायला या बाईला कोणी शिकवलं? तिला पाठवलं कोणी? आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा?

आपल्याकडे आजाऱ्याचं करायचं ते घरातल्या बायकांनी. पांढरपेशा घरांत हे काम बरेचदा आश्रयाला असलेल्या विधवा आत्याच्या नाही तर काकूच्या गळ्यात पडे. तिला मोबदला नसे आणि सुट्टीही नसे. ती नीट करते की नाही, याची चर्चा होत नसे, कारण ते काम म्हणून कोणी मोजतच नव्हतं. पूर्वी घरोघरी किती माया होती असं आज सहज म्हटलं जातं. त्या मायेत अशा किती बायकांची निरुपायाने केलेली सेवा होती, हेही म्हणायला हवं.

याच बायकांमधून शिकलेली परिचारिका उभी राहिली. या कुळकथेतला हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवांसह अनेक बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परपुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, हे त्या काळी किती जड गेलं असेल! रमाबाईंनी आपलं आणि संस्थेचं नाव त्यांच्या पाठीशी उभं केलं. सेवासदनची बाई म्हटली की तिच्यामागे ससूनचं शिक्षण होतं आणि तिच्यासाठी उत्तर देणारी संस्था होती.

इंग्लंडमध्येही गोष्ट न शिकलेल्या बाईपासूनच सुरू होते. डिकन्सने १८४३-४४ मध्ये ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातली सेरी गँप ही पैसे घेऊन आजाऱ्याजवळ बसणारी, दारू पिणारी, पेशंटची पर्वा नसलेली बाई वाचकांना इतकी पटली, की अशा बायकांना तिचंच नाव पडलं. पुढे १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या पत्नीची शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांना पगार देऊन गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. अशा नर्सेस पुरेशा मिळेनात, म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने तिथे प्रशिक्षणाची शाळा निघाली. तरी घरी मदतनीस पाठवणाऱ्या एजन्सींना इंग्लंडमध्ये नोंदणी सक्तीची झाली ती २००० च्या कायद्याने.

आपल्या कायद्याने रुग्णालयातलं काम आधी पाहिलं. मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला, देशासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल १९४७ च्या कायद्याने आली, आणि नर्सिंग होमच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९४९ चा. खाट रुग्णालयात असेल तोवर कोणी ना कोणी विचारणारं असतं. तीच खाट भाड्याने घरी आणली की विचारणारं कोणी उरत नाही.

घरी आजाऱ्याजवळ माणूस पाठवणारे ब्युरो वाढले ते याच फटीत. मुलं परगावी किंवा परदेशी गेली, सुना नोकरी करू लागल्या, पक्षाघातातून आणि खुब्याच्या ऑपरेशनमधून माणसं वाचू लागली, आणि रुग्णालयं नाकातल्या नळीसकट घरी सोडू लागली. नोंदणीकृत नर्स बारा तास ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. मग ब्युरोला फोन जातो आणि मावशी येते. पुरुष पेशंट असेल तर मामा. काहीजणी वॉर्डात राबून शिकलेल्या असतात, काहीजणी दुसऱ्या मावशीकडे बघून. कौशल्य विकासात ‘होम हेल्थ एड’ असा अभ्यासक्रम आहे, पण तो केलेलीच बाई पाठवा अशी सक्ती ब्युरोवर नाही. ब्युरो कमिशन कापतो, तक्रार केली तर बदली देतो. नव्या मावशीला पेशंटचं घोट गिळणं कसं आहे इथपासून सगळं पुन्हा समजून घ्यावं लागतं, आणि तोवर ठसका लागायचा तो लागतो.

खालच्या गेटवरच्या वॉचमनचं पाहा. महाराष्ट्रात खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ पासून कायदा आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना, रक्षकाची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक केलं. गाड्या राखणाऱ्यासाठी हे सगळं लागतं. आईला उचलून शौचाला बसवणाऱ्या बाईला पाठवायचं, तर दुकानासारखी नोंदणी असली की पुरते.

ही फट बुजवायचा प्रयत्न झाला होता. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ज्येष्ठांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी आणि प्रशिक्षित, प्रमाणित काळजीवाहकच नेमावेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा मंजूर न होताच बाद झालं. ते पुन्हा मांडायला हवं. मांडताना मावशीच्या बाजूनेही लिहायला हवं: कमिशन किती कापायचं याची मर्यादा, आठवड्याची भरपगारी सुट्टी, आणि रात्रपाळी केल्यावर दिवसा दुसरं घर धरावं लागू नये एवढा पगार.