वर्गणीचा वकील

मराठवाड्यात खटल्याच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्याला हा शब्द चटकन उमगत नाही. पण नांदेड-लातूरकडच्या सकाळच्या एस.टी.त कोणी धुतलेले धोतर नेसून, कागदांची कापडी पिशवी मांडीवर धरून बसलेला दिसला, तर “पेशी का?” एवढे विचारले की पुरते. निजामाच्या अदालतींनी मागे ठेवलेला हा शब्द. १९४८ साली निजामी राजवट गेली, तिचा उर्दू कारभारही गेला. पण मुचलका, अर्जनवीस आणि पेशी मात्र राहिली.

गेल्या उन्हाळ्यात एक तरतरीत तरुण आमच्या शिक्षकखोलीत येऊन गेला. “गुरुजी, वर्षाला थोडी वर्गणी भरा, मग वकिलाची चिंता नको. फोनवर सल्ला, नोटीस, करारपत्र, सारे त्यातच!” गणिताच्या मास्तरांनी लगेच कागद पुढे ओढून हिशेब मांडला. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा; मला प्रश्न पडला तो निराळाच. वकिलाची अशी वर्गणी मुळात सुचली कोणाला, आणि कशासाठी?

ती सुचली मोटारवाल्यांना. १९१७ साली फ्रान्समधील ल मां या गावी मोटारधारकांच्या कायदेशीर बचावासाठी एक संस्था निघाली. त्याच धर्तीवर १९२८ साली जर्मनीत कंपनी उभी राहिली, आणि पुढे या विम्याने त्या देशात चांगलेच मूळ धरले. अमेरिकेत १९७१ साली लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे मजुरांच्या एका युनियनने असा प्रयोग केला. त्याच सुमारास ओक्लाहोमातील हार्लंड स्टोनसायफर नावाच्या विमा-एजंटाच्या मोटारीला अपघात झाला. चूक त्याची नव्हती. तरी वकिलांच्या बिलांनी तो टेकीस आला, आणि १९७२ साली त्याने वर्गणीवर वकील पुरविणारी कंपनीच काढली. मजुरांची गोष्ट सोडली, तर या कल्पनेचा जन्म रस्त्यावरच्या टकरीतून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

विम्याचे मर्मही हेच आहे. आग उद्या कोणाच्या घराला लागेल हे ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून थोडे थोडे द्यावयाचे. जळत्या घराचा विमा कोणी उतरवीत नाही. आता आमच्याकडचे तंटे आठवून पाहा. बांध आजोबांनी कोरला, चुलत्याने फेरफार अडवला, कुळाचे नाव १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने लागले आणि त्याचा वाद नातवापर्यंत चालत आला. हे काही अपघात नव्हेत. जमिनीबरोबर येणारा हा वारसा आहे. आणि अशा योजनांच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेले असते की, सभासद होण्यापूर्वी सुरू झालेला वाद यात धरला जाणार नाही, फार तर फीमध्ये थोडी सूट मिळेल. म्हणजे ज्याच्यासाठी आमचा शेतकरी रात्र रात्र जागतो, नेमके तेच वर्गणीच्या बाहेर!

वकील नसण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून कुणब्यांचा सावकारांविरुद्ध दंगा सुरू झाला. कर्ज हे त्याचे मोठे कारण खरे. पण त्या कर्जाला धार आणली ती एकतर्फी हुकूमनाम्यांनी. कोर्ट दूर, समन्स कळेना, आणि गेलाच तर समोर सावकाराचा वकील! बहुतेक कुणबी हजरच राहत नसत. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात एक कलम असे होते की, सावकाराच्या बाजूने वकील उभा आहे आणि शेतकऱ्याला ऐपत नाही, असे दिसल्यास न्यायाधीशाला त्याच्यासाठी वकील नेमून देता येई. कलम छोटे, पण त्याची थोरवी मला फार वाटते.

मात्र हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, इंग्रजी अंमलाखाली. लातूर तेथून जवळच, बोलणे तेच, ज्वारीही तीच. पण मुलूख निजामाचा. बार्शीच्या कुणब्याला कलम मिळाले, लातूरच्याला मिळाला तो अर्जनवीस, आणि तोही रोख पैसे घेऊन उर्दूत अर्ज लिहून देणारा.

पुढे स्वातंत्र्य आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषेने आम्ही घरी आलो. अपिले मात्र दूर गेली. नांदेडकराला हैदराबादचे हायकोर्ट एका गाडीचे होते. आता मनमाडपर्यंत मीटर गेज, तेथे उतरून मुंबईची मोठी गाडी. लातूरकर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडी गाठणार आणि तेथून पुढे मुंबईला जाणार. नागपूरला खंडपीठ मिळाले होते, आम्हांला नाही. ही पायपीट जवळजवळ पंचवीस वर्षे चालली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ बसले, तर त्या आदेशालाच आव्हान मिळाले! १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आणि १९८४ साली खंडपीठ कायम झाले. न्याय जवळ यावा म्हणूनसुद्धा दिल्लीपर्यंत जावे लागले, याला काय म्हणावे? असो.

त्या पंचवीस वर्षांत वकिलाने फी माफ केली असती, तरी गाडीभाडे, मुंबईतला मुक्काम आणि बुडालेली सुगी कोण भरून देणार होते? खटल्याचा खर्च म्हणजे केवळ वकिलाची फी नव्हे. मोजणीची रक्कम, नकला, कोर्ट फी, साक्षीदाराचा चहा आणि पुढे ढकललेली पेशी, यांतले काहीच वर्गणीत बसत नाही. शिवाय आपल्याकडे वकिलाला आपली फी बिगर-वकिलाबरोबर वाटून घेता येत नाही. कंपनी वकील गाठून देईल. पण वकालतनाम्यावर सही त्या एका माणसाचीच, आणि तो कसा निघतो यावरच सारे.

मग वर्गणी वायाच का? सरसकट तसे म्हणवत नाही. लातूरच्या आडतीतला व्यापारी घ्या. त्याच्याकडे आलेला चेक परत गेला, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. ज्याला वर्षात अशा पाच-सात नोटिसा धाडाव्या लागतात, त्याला ठरीव पैशांत त्या लिहून मिळाल्या तर तो शहाणाच ठरेल. नांदेडच्या ट्रकमालकाचेही तसेच. त्याचे संकट खरोखर रस्त्यावर, आणि तेही अकल्पित येते. ल मांच्या मोटारवाल्यांचा तो सख्खा भाऊ शोभेल. भाडेकरार, खरेदीखत वाचून घेण्यापुरती वर्गणी पगारदारालाही चालेल. पण एका करारासाठी वर्षभर भरण्यापेक्षा गावातल्या वकिलाला एकदाच फी देणे बहुधा स्वस्त पडते. आमच्या गणिताच्या मास्तरांचाही हिशेब तेथेच येऊन थांबला.

आणि शेतकऱ्याच्या घराने तर आधी एक दार ठोठावून पाहावे. १९७६ साली मोफत कायदेमदतीचे कलम, ३९-अ, घटनेत आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे, अपंग, कामगार, कोठडीत असलेले आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे घरातली कोणतीही बाई, मग ती वाड्यातली असो वा पालातली, या वकिलाची हक्कदार आहे. हे आमच्या कित्येक सुशिक्षित घरांना ठाऊक नसते. सरकारी वकील मन लावून काम करील काय, ही शंका रास्त आहे. ती वर्गणीच्या वकिलाबद्दलही तितकीच रास्त आहे. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

हे कार्यालय नांदेडला आहे, लातूरला आहे, तालुक्यालाही त्याची समिती असते. फोन करावयाचा तर क्रमांक १५१००. ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडी सांगितले तरी चालते. तेथला माणूस ऐकून अर्ज उतरवून घेतो, मराठीत, आणि त्याचे पैसे मागत नाही.