बालगृह : कुलपाकडून माणसाकडे

नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा आला तो १९२८ साली. मद्रास, बंगाल, मुंबई हे इलाखे आधीच पुढे गेले होते. त्याच वर्षी इथं तरुण गुन्हेगारांना सुधारगृहात ठेवण्याचा बोर्स्टल कायदाही आला. पोर बिघडलंय, त्याला वळण लावायचं, हा त्या काळाचा विचार. शिस्त, कवायत, हातकाम आणि दाराला कुलूप. अनाथ लेकरांचा भार धर्मादाय संस्थांनीही उचलला. श्रद्धानंदपेठेतलं अनाथालय नागपूरकरांच्या परिचयाचं आहे. सोय झाली, छप्पर मिळालं. इथवर येण्याआधी त्या मुलावर काय बेतलं, याची विचारपूस मात्र फार उशिरा सुरू झाली.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी संसदेनं एकच कायदा करावा, असं न्यायालयानं १९८६ साली सुचवलं आणि त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. २००० साली तो बदलला, बाल कल्याण समित्या आल्या. सध्याचा २०१५चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८२ प्रमाणे बालगृहात मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. काठी कायद्यानं काढून घेतली. काठीच्या जागी काय, हे कर्मचाऱ्यांना शिकवणं तेवढं सोपं नव्हतं.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. घरून निघालेलं पोर कुठलंही असो, इथल्या फलाटावर उतरू शकतं. कुणी १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक फिरवतं, पोलीस येतात, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं उभं करतात आणि तिथून अनेकांची रवानगी बालगृहात होते. असं आठ-नऊ वर्षांचं मूल दिवसभर गुमान बसतं. रात्री दिवा मालवला की किंचाळत उठतं. त्याच्या उशीखाली वाळलेल्या पोळीचे तुकडे सापडतात. जेवण वाढायला उशीर झाला तर ताट भिरकावतं, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर कडकडून चावतं. ‘पोट्टं लय वांड आहे’, एवढ्यावर निकाल लागतो.

मार कधी पडेल याचा नेम नसलेल्या घरात जे वाढलं, त्याचं अंग सदा सावध राहतं. मागून आलेला हात म्हणजे मारच, हे ते विचार करण्याआधीच ओळखतं. त्या क्षणी त्याला समजावून सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. दरडावलं तर भीती दुणावते. बालपणातले आघात जितके अधिक तितका मोठेपणी आजारांचा धोका अधिक, हे फेलिटी आणि अँडा या संशोधकांनी अमेरिकेत १९९८ साली मांडलं. आपल्याकडे बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०२० साली ‘संवाद’ हे केंद्र उभारलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं त्याला पाठबळ आहे आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांना ते प्रशिक्षण देतं.

मग करायचं काय? उशीखालची पोळी हिसकावायची नाही. झाकणाचा डबा द्यायचा, त्यात रोज थोडा खाऊ राहील एवढं बघायचं. खोलीत मंद दिवा ठेवायचा. ताट भिरकावलं तर बाकीची मुलं बाजूला न्यायची आणि एकाच माणसानं समोरून जाऊन खाली बसायचं, आवाज न चढवता म्हणायचं, ‘मी इथंच आहे, तुला कुणी मारणार नाही.’ मूल निवलं की सांडलेलं वरण दोघांनी मिळून पुसायचं. हे पुसणं मला फार मोलाचं वाटतं. ‘लाड करून डोक्यावर बसवता’ हा आक्षेप नेहमी येतो, पण इथं चुकीकडे डोळेझाक होत नाही. चूक निस्तरायची असते आणि निस्तरताना सोबत मिळते, हे त्या मुलाला बहुधा पहिल्यांदाच दिसत असतं.

शक्य तिथं मूल नातलगांजवळच राहावं, हे सगळ्यांत चांगलं. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून त्यासाठी आता दरमहा २,२५० रुपये मिळतात. ज्यांना तेही दार नाही त्यांच्यासाठी बालगृह आहे, आणि तिथला सगळा भार काळजीवाहकावर असतो. रात्रपाळीला माणसं अपुरी पडली, तर तोच माणूस थकून ओरडतो. त्याला दोष देऊन भागत नाही. समुपदेशक बरेचदा कंत्राटी. महिनोन्महिने गप्प राहिलेलं मूल कुठं चार शब्द बोलू लागावं, तर समुपदेशकाचा करार संपतो. आधीच सोडून दिलेल्या मुलाला हे पुन्हा सोडून जाणंच वाटतं.

कायद्यानुसार प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. त्यात शिक्षण, आरोग्य, कुटुंब यांची नोंद असते. त्यात आणखी एक रकाना असावा : हे मूल कुणाजवळ शांत होतं? आणि त्या माणसाची पाळी किंवा जागा बदलण्याआधी अधीक्षकांनी तो वाचलाच पाहिजे, असा नियम व्हावा.