निवृत्तिवेतन : शब्द आणि आयुष्य



'निवृत्तिवेतन' हा शब्द ज्याने घडविला, त्याच्या डोळ्यांसमोर पगारी नोकरदार असावा. आपल्या मंचेरियलच्या परिसरात कापसाच्या रानात जन्मभर राबलेल्या बाईला ना वेतन मिळाले, ना निवृत्ती. हातपाय थकले की तिची मजुरी थांबे आणि मजुरीबरोबर ताटातली भाकरीही अर्धी होई. वार्धक्यातील पुष्कळ दुखण्यांचे मूळ या अर्ध्या भाकरीत असते.

या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत १८८९ मध्ये वार्धक्यविम्याचा कायदा झाला. पण तो वर्गणी भरणाऱ्या कामगारांपुरता होता. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांच्या गरिबांना वर्गणीवाचून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम देऊ केली. दयेची जागा हक्काने घेतली ती येथे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. पासष्टी गाठलेल्या निराधारांसाठी केंद्राचा वाटा होता महिना ७५ रुपये.

राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि एका जिल्ह्याचे म्हातारपण दोन राज्यांत वाटले गेले. तेलंगणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'आसरा' योजनेत महिना १००० रुपये दिले. २०१९ मध्ये ते २०१६ झाले. महाराष्ट्रातील 'श्रावणबाळ' योजनेची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १००० आणि २०२३ मध्ये १५०० झाली. नावे बोलकी आहेत : एकीकडे शासन छप्पर होते, दुसरीकडे मुलगा. हक्काचा उच्चार मात्र दोन्ही नावांत नाही.

या पैशाने प्रकृती सुधारते काय? चीनने २००९ मध्ये ग्रामीण निवृत्तिवेतन सुरू केले. तेथील अभ्यासकांना वृद्धांचा आहार आणि शारीरिक क्षमता सुधारल्याचे आढळले. दक्षिण आफ्रिकेत ॲन केस यांना दिसले, की जेथे ही रक्कम घरखर्चात मिसळते तेथे साऱ्या घराची प्रकृती सुधारते. जेथे ती वेगळी राहते तेथे केवळ वृद्धाची. औषधाची गोळी एकाच्याच पोटात जाते. आजीच्या पैशातून आलेले दूध नातवंडांनाही मिळते. शिवाय, दवाखान्यात जाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागला नाही, की दुखणे अंगावर काढले जात नाही.

मी स्वतः निवृत्तिवेतनावर जगतो. महागाई वाढली की माझा भत्ता वाढतो. शेतमजूर म्हातारीची रक्कम पुढच्या शासननिर्णयाची वाट पाहते. ज्यांनी पिकविलेल्या अन्नावर आपण शिकलो, त्यांच्या वार्धक्याचे मोल आपल्याहून कमी का, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा पुष्कळदा यंत्राला ओळखू येत नाही आणि म्हातारी रिकाम्या हाताने परतते. त्या दिवशी तिच्यासोबत डाकघरापर्यंत जा. तिच्या आरोग्याची सेवा तेथूनच सुरू होते.