तुकडीचा क्रमांक आणि स्मृतीचा समुदाय : हॉल्टनच्या माजी शिकाऊ उमेदवारांची संघटना

१

सैनिकी जीवनाशी निगडित साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने युद्धकथा, सेनानींची आत्मचरित्रे, रोजनिश्या आणि पत्रसंग्रह यांच्याकडे जाते. माजी सैनिकांच्या संघटनांमध्ये निर्माण होणाऱ्या लेखनाकडे मात्र साहित्याभ्यासाने फारसे पाहिलेले नाही. सभासदांच्या याद्या, परिपत्रके, मृत्युलेख, पत्ता हरवलेल्या सोबत्यांच्या चौकश्या, स्नेहमेळाव्यांचे वृत्तांत असे या लेखनाचे स्वरूप असते. त्याचा कर्ता बहुधा अनेकवचनी असतो, त्याचा वाचक आधीच ठरलेला असतो, आणि वाङ्मयीन कीर्ती हे त्याचे प्रयोजन नसते. विखुरलेली माणसे परस्परांच्या संपर्कात राहावीत एवढाच त्याचा हेतू असतो. या हेतूपोटी कोणते लेखनप्रकार घडतात आणि कोणत्या गोष्टी लेखनाबाहेर राहतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील हॉल्टन येथील माजी शिकाऊ उमेदवारांच्या उदाहरणावरून केला आहे.

२

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाचे स्वतंत्र अस्तित्व टिकेल की नाही, याविषयी शंका होती. भूदल आणि नौदल यांना ही नवी शाखा आपापल्यात सामावून घ्यायची होती. अशा वेळी हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांनी दलाच्या कायमस्वरूपी रचनेची रूपरेषा मांडणारे टिपण तयार केले व विन्स्टन चर्चिल यांनी ते डिसेंबर १९१९ मध्ये पार्लमेंटसमोर ठेवले. या टिपणात प्रशिक्षणाला मध्यवर्ती स्थान होते. विमानांच्या देखभालीसाठी कुशल कारागीर मोठ्या संख्येने लागणार होते आणि ते खुल्या बाजारातून पुरेसे मिळणे शक्य नव्हते. म्हणून पंधरा-सोळा वर्षांची मुले परीक्षा घेऊन निवडावीत, त्यांना तीन वर्षे दलातच शिकवावे आणि दीर्घ सेवेसाठी बांधून घ्यावे, असा हा विचार होता. लहान वयात बराकीत एकत्र वाढलेली मुले नव्या दलाची वृत्ती आत्मसात करतील, ही अपेक्षाही त्यामागे होती.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ब्रिटिश नौदलाने १९०३ मध्येच मुलांना ‘बॉय आर्टिफिसर’ म्हणून घेण्यास प्रारंभ केला होता. हवाई दलाच्या योजनेतील पहिल्या तुकड्या १९२० पासून क्रॅनवेल येथे दाखल झाल्या, कारण हॉल्टनच्या इमारती तयार नव्हत्या. बकिंगहॅमशायर परगण्यातील हॉल्टन ही रॉथशील्ड घराण्याची जहागीर हवाई मंत्रालयाने १९१९ मध्ये विकत घेतली होती. जानेवारी १९२२ पासून तेथे तुकड्या येऊ लागल्या. हे प्रशिक्षण पुढे सात दशके चालू राहिले. १९९३ मध्ये १५५ वी तुकडी बाहेर पडली आणि हॉल्टनची शिकाऊ उमेदवारी संपली.

३

या व्यवस्थेतील मूळ घटक होता ‘एंट्री’, म्हणजे एकाच वेळी दाखल झालेल्या मुलांची तुकडी. प्रत्येक तुकडीला अनुक्रमांक होता. मुलगा फिटर झाला की रिगर, पुढे अधिकारी झाला की सार्जंट म्हणून निवृत्त झाला, या सर्व गोष्टी बदलू शकत. तुकडीचा क्रमांक बदलत नसे. कार्यशाळा, शाळा आणि कवायत अशा तीन ठिकाणी मुलांचा दिवस विभागलेला असे. डाव्या बाहीवरील चक्राकार पितळी बिल्ला त्यांना इतर सैनिकांपासून वेगळे दाखवी. त्यांचे सेवाक्रमांकही स्वतंत्र मालिकेतील होते. पहिल्या दोन दशकांत ते पाच लाख साठ हजारांच्या पुढून सुरू होत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून जाणकाराला माणसाचे मूळ ओळखता येई.

दलातील इतर मंडळी या मुलांना ‘ट्रेंचर्ड ब्रॅट्स’ म्हणत. मराठीत सांगायचे तर ‘ट्रेंचर्डची कार्टी’. हे नाव प्रारंभी हेटाळणीचे होते. प्रौढ वयात भरती झालेल्या जुन्या सैनिकांना ही शिकलेली, सफाईदार पोरे खुपत असत. पुढे मुलांनीच ते नाव उचलले आणि अभिमानाने मिरवले. हेटाळणीचा शब्द स्वीकारून त्याचे कुलनाम करण्याची प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. येथे विशेष हे, की सत्तरी उलटलेले गृहस्थही संघटनेच्या लेखनात स्वतःला ‘ब्रॅट’ म्हणवतात. वय वाढते, नाव मात्र पंधराव्या वर्षीच थांबलेले असते.

४

प्रशिक्षण संपल्यावर तुकडी विखुरली जाई. १९२० च्या दशकात बाहेर पडलेल्यांपुढे इराक, इजिप्त आणि हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत अशी ठाणी होती. डिसेंबर १९२८ ते फेब्रुवारी १९२९ या काळात काबूलहून ५८६ माणसांना विमानांनी बाहेर काढण्यात आले. अशा मोहिमा कडाक्याच्या थंडीत यंत्रे चालू ठेवणाऱ्या हातांवर अवलंबून होत्या. दुसऱ्या महायुद्धात तर विखुरण्याबरोबर मृत्यूही आला. हॉल्टनचे अनेक माजी विद्यार्थी वैमानिक व निरीक्षक झाले होते. त्यांपैकी सार्जंट टॉमस ग्रे १२ मे १९४० रोजी अल्बर्ट कालव्यावरील पुलावरच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. वैमानिक डॉनल्ड गार्लंड आणि ग्रे या दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच विमानात प्राण गमावलेले तिसरे सैनिक लॉरेन्स रेनल्ड्स यांना कोणतेही पदक मिळाले नाही. राष्ट्राची स्मृती कशी निवड करते, हे या एका विमानावरून दिसते.

माजी विद्यार्थ्यांना एकत्र ठेवण्याचे प्रयत्न दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘ओल्ड हॉल्टोनियन्स’ या नावाने सुरू झाले. पुढे ‘रॉयल एअर फोर्स हॉल्टन अॅप्रेंटिसेस असोसिएशन’ ही त्यांची मुख्य संघटना झाली. तिची जडणघडण तुकड्यांच्या आधारावर आहे. सभासद प्रथम आपल्या तुकडीचा असतो आणि तुकडीच्या द्वारे संघटनेचा. बहुतेक रेजिमेंटांच्या संघटना युद्धभूमी वा पलटण यांच्या नावाभोवती उभ्या राहतात. येथे मात्र लढाई नसून शाळा केंद्रस्थानी आहे. त्यामुळे युद्धात लढलेले आणि युद्ध कधीही न पाहिलेले, हवाई दलाचे सर्वोच्च प्रमुख झालेले कीथ विल्यमसन आणि करार संपताच कारखान्यात गेलेले फिटर एकाच यादीत बसू शकतात. विल्यमसन १९४५ मध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले आणि १९८२ ते १९८५ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. यादीत मात्र त्यांची ओळख त्यांच्या तुकडीनेच होते.

हा पदनिरपेक्ष क्रम मराठी वाचकाला पालखी सोहळ्याची आठवण करून देईल. तेथेही दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेले असते आणि माणूस आपली जागा दिंडीच्या क्रमांकाने सांगतो. दोन्हींच्या श्रद्धाविषयांत अर्थातच कोणतेही साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच, की क्रमांक येथे माणसाला पुसून टाकत नाही, तर मोठ्या समुदायात त्याला घर देतो.

५

संपर्क टिकवण्याच्या या कार्यातून जे लेखन निर्माण झाले, त्याचे चार प्रकार दाखवता येतात. पहिला प्रकार यादीचा. तुकडीतील नावे, सेवाक्रमांक, व्यवसाय आणि सद्यःस्थिती असा तिचा आराखडा असतो. दुसरा चौकशीचा : अमुक सोबती कोठे आहे, हे विचारणारी दोन-तीन वाक्ये. तिसरा मृत्युलेखाचा आणि चौथा आठवणीचा. संघटनेच्या ‘द हॉल्टोनियन’ या नियतकालिकाचे प्रयोजन या प्रकारांना एकत्र जागा देणे हे आहे. हे प्रकार एकमेकांवर अवलंबून असतात. चौकशीला उत्तर आले तर यादीत पत्त्याची भर पडते. उत्तर मृत्यूचे असेल तर मृत्युलेख लिहिला जातो, आणि मृत्युलेख वाचून एखादा जुना सोबती आठवण लिहून पाठवतो. अशा रीतीने यादी हाच या साहित्याचा कणा ठरतो.

या आठवणींतील कथनाची पद्धतही ध्यानात घेण्यासारखी आहे. टी. ई. लॉरेन्स यांचे ‘द मिंट’ हे हवाई दलातील सामान्य शिपायाच्या जीवनावरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये प्रकाशित झाले. १९२२ मधील अक्सब्रिजची भरतीछावणी आणि नंतरचे क्रॅनवेल हे त्याचे विषय आहेत, आणि त्याची अंतिम प्रत लॉरेन्स यांनी कराचीच्या विमानतळावर नोकरीस असताना सिद्ध केली. तेथे एक विलक्षण एकाकी ‘मी’ समूहाकडे पाहतो. संघटनेच्या लेखनात ‘आम्ही’ बोलतो. प्रसंग एखाद्याच्या बाबतीत घडलेला असला तरी तो तुकडीच्या नावावर सांगितला जातो आणि दुसऱ्या कोणाची तरी आठवण त्याला पुष्टी देते किंवा दुरुस्त करते.

मराठी परंपरेत अशा संकलनाचे अत्यंत प्राचीन उदाहरण आहे. चक्रधरांच्या पश्चात विखुरलेल्या अनुयायांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारणे, आणि आठवणींत भेद आढळला तर तोही नोंदवणे, ही महानुभाव परंपरेची शिस्त होती. संघटनेच्या नियतकालिकात तपशील दुरुस्त करणारी पत्रे याच वृत्तीशी नाते सांगतात. भेद केंद्राचा आहे. ‘लीळाचरित्रा’त सर्व आठवणी एका पुरुषाभोवती फिरतात. हॉल्टनच्या लेखनात ट्रेंचर्ड हे दूरस्थ पितृरूप असून आठवणी परस्परांभोवती फिरतात. गुरूविना गुरुबंधूंचे साहित्य असे त्याचे वर्णन करता येईल.

६

या लेखनाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही. पंधरा वर्षांचा मुलगा घरापासून तोडला जातो, वरच्या तुकडीचा जाच सोसतो, थंड बराकीत रडतो. हे अनुभव संघटनेच्या लेखनात येतात तेव्हा बहुधा विनोदाच्या वेशात येतात. मेळाव्यात जो येतो तो त्या दिवसांशी समेट करून आलेला असतो. ज्याचा समेट झाला नाही तो पत्ता कळवीत नाही, आणि जो मध्येच प्रशिक्षण सोडून गेला त्याला तुकडीचा क्रमांक सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणजे संपर्कात राहण्याची अटच कोणती आठवण टिकेल हे ठरवते. पत्ता हरवलेल्यांच्या यादीतील प्रत्येक मौनाचे कारण मृत्यू किंवा स्थलांतर हेच असेल, असे गृहीत धरणे इतिहासकाराला परवडणार नाही.

दुसरी मर्यादा साम्राज्याची आहे. सरहद्दीवरील ठाण्यांच्या आठवणींत उष्मा, धूळ आणि यंत्रांचे हट्ट विस्ताराने येतात. ज्या टोळ्यांवर ती विमाने बॉम्ब टाकीत त्यांचा उल्लेख क्वचित होतो. कारागिराची दृष्टी यंत्रावर खिळलेली असणे स्वाभाविक असले, तरी त्या दृष्टीच्या कडेला काय राहिले हे वाचणे अभ्यासकाचे काम आहे. याच शाळेत पुढे पाकिस्तान, सिलोन आणि न्यूझीलंड यांच्या हवाई दलांनी पाठवलेली मुलेही शिकली. साम्राज्य ओसरल्यानंतरही तुकडी मात्र बहुराष्ट्रीय राहिली, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय.

७

१९९३ नंतर या समुदायात नवा सभासद येणे थांबले. १९९७ मध्ये हॉल्टन येथे राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उमेदवारांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेथील सेंट जॉर्ज चर्चमध्ये अनेक तुकड्यांनी आपल्या नावाच्या रंगीत काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत. काच आणि दगड यांच्याकडे वळणे हे समुदायाला आपला अंत दिसू लागल्याचे चिन्ह मानावे लागते. शेवटच्या तुकडीतील मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. एकीकडे संपर्क ठेवण्याचे काम चालू असते, दुसरीकडे ते कोणासाठी ठेवायचे हा प्रश्न दरवर्षी अधिक निकडीचा होतो. यादी सांभाळणारा शेवटचा माणूस ती कोणाच्या स्वाधीन करणार, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा नाही. वाचक संपल्यावर या साहित्याचे काय होते, असा तो प्रश्न आहे.

भारतीय अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कार्यान्वित झाले आणि स्वातंत्र्यानंतर तेथे आर्टिफिसर उमेदवारांच्या पिढ्या घडल्या. ब्रिटिश नौदलाच्या १९०३ मधील योजनेशी त्यांचे नाते थेट आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या मातृभाषा बोलणारी ही मुले सह्याद्रीच्या पावसात एकत्र वाढली आणि नंतर विखुरली. त्यांच्या आठवणी, परिपत्रके आणि मृत्युलेख कोणत्या भाषेत लिहिले गेले, घरच्या भाषेत काय सांगितले गेले आणि सोबत्यांच्या इंग्रजी-हिंदी मिश्र बोलीत काय, याची तपासणी तौलनिक साहित्याभ्यासाला नवी सामग्री पुरवू शकेल. हॉल्टनचे उदाहरण एक गोष्ट स्पष्ट करते : अशी सामग्री ग्रंथालयात आपोआप येत नाही. ती कोणाच्या तरी घरातील वहीत, पत्त्यांच्या यादीत असते, आणि त्या माणसाबरोबर जाते. म्हाइंभटांनी विचारायला जाण्यास उशीर केला नाही, म्हणून एक वाङ्मय वाचले.